शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, मग वरून आणखी इन्सुलिन कशाला?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. माझं वय ५४, वजन ८२ किलो. मधुमेह होऊन अकरा वर्षं झाली. तीन प्रकारच्या गोळ्या चालू आहेत, तरी या वेळी एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) १०.४ आणि उपाशीपोटीची साखर २४६ आली. आमच्या डॉक्टरांनी रात्री झोपताना दहा युनिट इन्सुलिन घ्यायला सांगितलंय. मी अजून सुरू केलेलं नाही. माझ्या मुलाने या विषयावर बरंच वाचलंय. त्याने माझं रक्तातलं इन्सुलिनही तपासून घेतलं, तर ते नेहमीपेक्षा जास्तच निघालं. तो म्हणतो, "आई, तुझ्याकडे इन्सुलिन कमी नाहीच, शरीर त्याला जुमानत नाही. आजारच जास्त इन्सुलिनचा आहे, त्यात आणखी टोचणं म्हणजे आगीत तेल ओतणं. त्यापेक्षा आठवड्यातून दोन दिवस कडक उपास कर."

दुसरी भीती माझ्या मोठ्या बहिणीकडे बघून वाटते. तिनेही दहा युनिटनेच सुरुवात केली होती. सहा वर्षांत ती ९६ युनिटवर पोचली, वजन नऊ किलोंनी वाढलं आणि साखर अजून अडीचशेच्या आसपासच. मधूनच कधीतरी मात्र तिला दरदरून घाम फुटतो, हातपाय थरथरतात. इन्सुलिन सुरू झालं तेव्हा तिच्या गोळ्या बंद केल्या होत्या. टोचण्याचा तिला त्रास नाही. ती म्हणते, बेंबीच्या डावीकडे एका ठरावीक जागी टोचलं की दुखतच नाही.

मी काय करू? एकदा सुई लागली की जन्मभर सुटत नाही, हे खरं का? एक गोष्ट मात्र बरी झालीय, दोन महिन्यांत काही न करता चार किलो वजन उतरलंय. रात्री तीन-चारदा उठावं लागतं आणि सारखी तहान लागते, बाकी तब्येत ठीक आहे.

उत्तर: ताई, "काही न करता चार किलो वजन उतरलं" हे तुम्ही समाधानाने लिहिलंय, पण माझी नजर तिथेच अडली. त्यापुढची तहान आणि रात्रीचं उठणं वाचल्यावर तर शंकाच उरली नाही. हे वजन उतरणं चांगलं लक्षण नाही. रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती पूर्ण अडवून धरता येत नाही. ती लघवीवाटे जाते, जाताना पाणी ओढून नेते, म्हणून लघवी वाढते आणि घसा कोरडा पडतो. खाल्लेलं अंगी लागत नाही, मग शरीर साठवलेली चरबी आणि स्नायू मोडून खायला लागतं. इन्सुलिन खरोखरच अपुरं पडतंय, याची ही खूण आहे. एचबीएवनसी दहाच्या वर आणि त्यासोबत नकळत घटणारं वजन असेल, तर जगभरातले मधुमेहतज्ज्ञ इन्सुलिन लांबणीवर टाकत नाहीत. तेव्हा तुमच्या डॉक्टरांचा सल्ला मला योग्य वाटतो, आणि तो याच आठवड्यात अमलात यावा असंही वाटतं. उलट्या, पोटदुखी, धाप किंवा गुंगी यांपैकी काहीही सुरू झालं, तर आठवडाही थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. वजन घटल्याचं डॉक्टरांना सांगितलं नसेल तर जरूर सांगा. तुमच्या वयात साखर अचानक बिघडून वजन उतरलं तर ते कदाचित स्वादुपिंडाचीही एखादी तपासणी सांगतील. सांगितली तर घाबरू नका, पण टाळूही नका.

आता मुलाचा मुद्दा. तो उडवून लावण्यासारखा अजिबात नाही, कारण त्यातला अर्धा भाग बरोबर आहे. काही मधुमेही इन्सुलिनला चटकन प्रतिसाद देतात आणि काही देत नाहीत, हे हॅरल्ड हिम्सवर्थ या ब्रिटिश डॉक्टरने १९३६ मध्येच दाखवलं होतं. त्या काळी रक्तातलं इन्सुलिन मोजता येत नव्हतं. ती सोय रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९६० च्या सुमारास केली, आणि मोठ्या वयात मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्सुलिन कमी नसून भरपूर असतं, हे पाहून सगळेच चकित झाले. (यालो यांना या मोजणीच्या तंत्राबद्दल १९७७ मध्ये नोबेल मिळालं. बर्सन तोवर हयात नव्हते.) म्हणजे तुमचा मुलगा जे सांगतोय तो शोध जुना आणि पक्का आहे. त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष मात्र चुकलाय.

कुठे चुकलाय ते सांगतो. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, याचा अर्थ ते अजिबात ऐकत नाही असा नसतो. ते कमी ऐकतं. ऐकू कमी येणाऱ्या माणसाशी आपण मोठ्याने बोलतो, तसं स्वादुपिंड वर्षानुवर्षं जास्त इन्सुलिन सोडून काम भागवत राहतं. जोवर आवाज पुरतो, तोवर साखर नॉर्मल राहते आणि आत काही बिघडलंय याचा पत्ताही लागत नाही. अशी इन्सुलिनला दाद न देणारी, तरी मधुमेह नसलेली माणसं कितीतरी आहेत. ज्यांच्या स्वादुपिंडाचा आवाज बसायला लागतो, त्यांना मधुमेह होतो. ब्रिटनमध्ये १९७७ पासून वीस वर्षं चाललेल्या, पाच हजारांहून जास्त रुग्णांच्या यूकेपीडीएस या अभ्यासातल्या अंदाजानुसार, टाइप २ मधुमेहाचं निदान होतं त्या दिवशीच इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींची जवळजवळ निम्मी ताकद गेलेली असते, आणि पुढे ती घसरत राहते. तुमच्या निदानाला अकरा वर्षं झालीत.

"पण रिपोर्टमध्ये तर इन्सुलिन जास्त आहे!" मुलगा म्हणेल. त्याला विचारा, किती साखरेला जास्त? रिपोर्टवर छापलेली मर्यादा उपाशीपोटी साखर ८०-९० असलेल्या निरोगी माणसासाठी असते. त्याच माणसाच्या रक्तात साखर २४६ पर्यंत चढवली, तर त्याचं स्वादुपिंड कितीतरी पट इन्सुलिन ओतेल आणि साखर खाली आणेल. तुमच्या रक्तात २४६ साखर असताना इन्सुलिन थोडंसं वर आहे आणि साखर जागची हललेली नाही. म्हणजे आकडा जास्त दिसला तरी गरजेच्या मानाने तो तोकडाच आहे. ही तपासणी साखरेच्या आकड्याशेजारी ठेवून वाचली नाही, तर हमखास दिशाभूल करते. म्हणूनच उपचार ठरवायला मी ती सहसा मागवत नाही. स्वतःचं इन्सुलिन किती शिल्लक आहे असा खरोखरच प्रश्न असला, तर सी-पेप्टाइड (स्वतःचं इन्सुलिन बनताना सोबत तयार होणारा तुकडा) बघतात, कारण बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमुळे तो आकडा फुगत नाही. आणि तब्येतीने बारीक माणसाची साखर गोळ्यांवर भराभर बिघडत गेली, तर गॅड अँटिबॉडी तपासतात, म्हणजे शरीर स्वतःच्याच बीटा पेशींवर हल्ला करतंय का ते बघतात. पोटावर वजन असलेल्या तुमच्यासारख्या रुग्णात त्याची गरज सहसा पडत नाही.

तर दोन बिघाड आहेत: पेशी कमी ऐकतात आणि आवाजही पुरेसा उरलेला नाही. सुई दुसऱ्या बिघाडासाठी आहे. ती पहिला दुरुस्त करत नाही, आणि ती तो दुरुस्त करेल अशी अपेक्षा धरूनच बहुतेक लोक निराश होतात. पण एक गंमत इथे आहे. साखर बराच काळ चढलेली राहिली, तर त्या साखरेनेच बीटा पेशी मंदावतात आणि स्नायूंचा प्रतिसादही आणखी ढिला पडतो. म्हणजे इन्सुलिन देऊन साखर खाली आणली की थोडा प्रतिरोधही (म्हणजे इन्सुलिनला दाद न देणं) कमी होतो आणि आपल्या पेशी पुन्हा कामाला लागतात. चीनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नव्याने निदान झालेल्या रुग्णांना अगदी सुरुवातीलाच, काही आठवड्यांपुरतं नेटाने इन्सुलिन दिलं आणि मग सगळी औषधं थांबवली. वर्षभरानंतरही त्यांतल्या साधारण निम्म्या लोकांची साखर औषधाविना ताब्यात होती. गोळ्यांनी सुरुवात केलेल्या गटात हे प्रमाण साधारण एक चतुर्थांश होतं. तुमचा मधुमेह जुना आहे, त्यामुळे तसं फळ तुम्हाला मिळेल असं मी म्हणणार नाही. पण इन्सुलिनने प्रतिरोध वाढतच जातो, या समजुतीला या अभ्यासाने चांगला धक्का बसतो.

बाहेरून दिलेल्या इन्सुलिनने हृदयाला किंवा इतर अवयवांना इजा होते का, हाही प्रश्न मुलाने वाचला असणारच. ओरिजिन नावाच्या चाचणीत साडेबारा हजार लोकांना सरासरी सहा वर्षांहून जास्त काळ ग्लार्जिन हे लांब टिकणारं इन्सुलिन किंवा नेहमीचे उपचार दिले. त्याचे निकाल २०१२ मध्ये आले. हृदयविकार वाढला नाही, कॅन्सरही वाढला नाही. (फायदाही झाला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.) वाढल्या त्या दोन गोष्टी: साखर एकदम उतरण्याचे प्रसंग आणि थोडं वजन. इन्सुलिन गटाचं वजन सरासरी दीड किलोच्या आसपास वाढलं, दुसऱ्या गटाचं अर्धा किलो घटलं. बहिणीचे नऊ किलो एकट्या इन्सुलिनच्या माथी मारण्याआधी हा आकडा लक्षात घ्या. तुमचंही उतरलेलं वजन थोडं परत येईल, कारण लघवीतून वाया जाणारी साखर आता अंगी लागेल. तेवढ्याने घाबरून इंजेक्शन बंद करू नका.

मुलाचं म्हणणं ज्यांना लागू पडतं, असे लोकही आहेत. साखर अजून मधुमेहाच्या हद्दीत गेलेली नाही, एचबीएवनसी ५.७ ते ६.४ च्या दरम्यान आहे, लिव्हरवर चरबी आहे, मानेवर काळसर जाड कातडी आलीय, किंवा पीसीओएस (बीजांडकोशांचा, पाळी अनियमित करणारा विकार) आहे. अशांना प्रतिरोध भरपूर असतो, पण आवाज अजून शाबूत असतो. त्यांना कोणताही शहाणा डॉक्टर इन्सुलिन देणार नाही. अमेरिकेतल्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅममध्ये, २००२ मध्ये, अशाच उंबरठ्यावरच्या लोकांनी सात टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं हे लक्ष्य ठेवलं, तेव्हा मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने ते ३१ टक्क्यांनी घटलं. मुलाने हा भाग त्याच्या बरोबरीच्या मित्रांना जरूर सांगावा. त्यांच्या वयात तो फार कामाचा आहे.

कडक उपास मात्र आत्ता नको. तुमच्या तीन गोळ्यांची नावं तुम्ही लिहिली नाहीत. त्यांत ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडसारखी, स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी गोळी असेल, तर उपाशी राहिल्यावर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येणारी, साखर लघवीतून बाहेर टाकणारी गोळी असेल, तर धोका वेगळा आणि जास्त फसवा आहे. इन्सुलिन तोकडं असताना, त्यात उपास पडला तर रक्तात कीटोन (चरबी मोडताना तयार होणारी आम्लं) साचतात आणि साखर फारशी न वाढताही माणूस गंभीर आजारी पडू शकतो. तुमचं वजन आपोआप घटतंय, त्यामुळे ती गोळी चालू ठेवायची का, हेही डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

आता हे दहा युनिट रात्रीच का? उपाशीपोटीची साखर ही रात्रभर लिव्हरने सोडलेली साखर असते. आपलं स्वतःचं इन्सुलिन स्वादुपिंडातून निघून थेट लिव्हरकडे जातं आणि "आता साखर सोडू नकोस" म्हणून सांगतं. प्रतिरोध असलेलं लिव्हर ते मनावर घेत नाही, आणि पहाटे तर इतर हार्मोन्सही त्याला साखर सोडायला लावतात. म्हणून रात्रीचं काही न खाता सकाळी साखर चढलेली दिसते आणि घरचे उगाच "रात्री गुपचूप काय खाल्लंस" म्हणून विचारतात. लांब टिकणारं इन्सुलिन दिवसातून एकदा घेतलं की लिव्हरवर रात्रभर वचक राहतो. हे इन्सुलिन जेवणानंतरची साखर फारशी उतरवत नाही, ते त्याचं कामही नाही.

दहा युनिट हा आकडा मुद्दाम लहान ठेवलेला असतो. वजनाच्या प्रत्येक किलोला ०.१ ते ०.२ युनिट अशी सुरुवात करतात. तुमच्या ८२ किलोंना ते आठ ते सोळा युनिट होतात. शरीर दाद देत नसल्यामुळे दहा युनिटने पहिल्या आठवड्यात साखर २४६ वरून २२० वर आली, तर "बघा, इन्सुलिनही चालत नाही" म्हणू नका. डोस वाढवत न्यायचाच असतो. नेहमीची पद्धत म्हणजे सकाळची साखर रोज मोजायची आणि ठरवलेल्या आकड्याच्या वर राहिली तर दर तीन दिवसांनी दोन युनिट वाढवायची. हे स्वतः करायचं की फोन करून, आणि सकाळचा आकडा किती हवा, ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. माझ्या अनुभवात इन्सुलिन निकामी ठरण्याचं सगळ्यात सामान्य कारण हे की दहावर सुरू केलं आणि सहा महिन्यांनीही दहावरच आहे. उरलेली साखर मग सगळे मिळून प्रतिरोधाच्या नावावर टाकतात.

वाढवण्यालाही सीमा आहे. किलोमागे अर्ध्या युनिटपर्यंत, म्हणजे तुमच्या बाबतीत चाळीसच्या आसपास, पोचूनही एचबीएवनसी हटत नसेल, तर तेच इन्सुलिन रेटत राहण्यात अर्थ नसतो. अशा वेळी सकाळची साखर बहुधा ठीक असते आणि बिघाड जेवणानंतरच्या साखरेत असतो. तिथे जेवणाआधीचं इन्सुलिन किंवा दुसऱ्या जातीचं औषध लागतं.

आणि प्रतिरोधाचं काय? त्यासाठी इन्सुलिनच्या जोडीला काय चालू आहे ते महत्त्वाचं. मेटफॉर्मिन लिव्हरचं साखर सोडणं कमी करतं, इन्सुलिनचा डोस आणि वजनवाढ दोन्ही आटोक्यात ठेवतं. मूत्रपिंड ठीक असतील तर इन्सुलिन सुरू झालं म्हणून ते बंद करायचं कारण नाही. जीएलपी-१ जातीची इंजेक्शनं भूक आणि वजन कमी करतात. तुमचं वजन असं घटत नसतं, तर कदाचित डॉक्टरांनी इन्सुलिनच्या आधी तीच सुचवली असती, आणि साखर जरा उतरल्यावर ती जोडायची का, हे तुम्ही विचारायला हरकत नाही. पायोग्लिटाझोन प्रतिरोधावर थेट काम करतं, पण इन्सुलिनसोबत ते अंगात पाणी साठवू शकतं. पायावर सूज किंवा हृदयाचा जुना त्रास असेल तर नकोच. चालणं किंवा कोणताही स्नायू वापरणारा व्यायाम याला मात्र पर्याय नाही, कारण आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनशिवायही साखर ओढून घेतो आणि पुढचा दिवसभर तरी इन्सुलिनचं जास्त ऐकतो. हा परिणाम दोन दिवसांत ओसरतो, म्हणून सलग दोन दिवस खाडा नको. जोरात घोरत असाल आणि दिवसा डुलक्या येत असतील, तर झोपेत श्वास अडकण्याची तपासणी करा. हिरड्या सुजल्या असतील तर दंतवैद्याकडे जा. सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल, तर तेही सांगा. ही सगळी प्रतिरोध वाढवणारी कारणं आहेत, आणि बऱ्याचदा रुग्णाला कुणी विचारतच नाही.

सुरू करण्याआधी दोन गोष्टी. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी वर्षभरात झाली नसेल तर आधी करून घ्या. खूप चढलेली साखर झपाट्याने उतरली की पडद्यावरचा जुना बिघाड काही काळ वाढू शकतो. आणि घरात सगळ्यांना साखर उतरल्याची लक्षणं माहीत हवीत: घाम, थरथर, धडधड, एकदम भूक, गोंधळल्यासारखं वागणं. मीटरवर ७० च्या खाली आकडा दिसला, किंवा मीटर हाताशी नसेल तर लक्षणांवरूनच, १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साधी साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं आणि गरज पडली तर पुन्हा घ्यायची. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही.

जन्मभराचं म्हणाल, तर काहींना इन्सुलिन महिन्या-दोन महिन्यांत सुटतं, काहींना ते कायम लागतं. ते कशावर ठरतं? किती बीटा पेशी शिल्लक आहेत आणि वजन किती उतरतं, यावर. २०१७ मध्ये ब्रिटनच्या डायरेक्ट अभ्यासात आहारातून मोठं वजन उतरवलेल्या गटापैकी ४६ टक्के लोक वर्षभरात मधुमेहाच्या हद्दीबाहेर आले. पण त्यांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता आणि त्यांच्यापैकी कुणी इन्सुलिनवर नव्हतं. तुमच्या बाबतीत मी पूर्ण सुटण्याचं वचन देणार नाही. साखर स्थिरावल्यावर डोस कमी होणं मात्र अगदी शक्य आहे. आणि हो, "गोळ्या नीट घेतल्या नाहीत तर इन्सुलिन लावीन" असं धमकावणारे आमच्यातले काही डॉक्टर आहेत. या भीतीला आम्हीही खतपाणी घातलंय.

आता तुमच्या बहिणीबद्दल. तुम्ही तिचं उदाहरण इन्सुलिन चालत नसल्याचा पुरावा म्हणून दिलंत, पण मला त्यात वेगळंच दिसतं. ९६ युनिट घेऊन साखर अडीचशे, आणि मधूनच घाम फुटून थरथर. शरीर एका दिवशी इन्सुलिनला अजिबात दाद देत नाही आणि दुसऱ्या दिवशी एकदम देतं, असा प्रतिरोध नसतो. हे बहुधा इन्सुलिन रक्तात नीट पोचत नसल्याचं लक्षण आहे. आणि त्याचं कारण तुमच्याच पत्रात आहे: ती एका ठरावीक जागी टोचते आणि तिथे दुखत नाही. रोज एकाच जागी टोचत राहिलं की कातडीखालची चरबी सुजून तिथे रबरासारखी गाठ होते. तिथल्या जाणिवा बोथट होतात, म्हणून ती जागा आवडीची होते. पण त्या गाठीतून इन्सुलिन कधी अर्धवट, कधी उशिरा, कधी एकदम झिरपतं. साखर चढलेली दिसते, डॉक्टर डोस वाढवतात, आणि तो वाढीव डोसही त्याच गाठीत जातो.

गाठ डोळ्यांना बऱ्याचदा दिसत नाही. आडवं झोपवून, बोटांना थोडं साबणाचं पाणी लावून, बेंबीच्या दोन्ही बाजूंना हळूच दाबत बोटं फिरवायची. कातडी जिथे जाड, घट्ट किंवा फुगीर लागेल, तिथे पेनाने खूण करायची आणि कित्येक महिने तिथे टोचायचं नाही. पोट आणि मांड्या आलटून पालटून वापरायच्या, प्रत्येक टोचणं आधीच्या जागेपासून निदान एक बोट लांब. लठ्ठ माणसालाही चार मिलिमीटरची सुई पुरते, तीही दर वेळी नवी. इन्सुलिनचं पेन वापरत असेल तर आधी दोन युनिट हवेत सोडून थेंब येतो का ते बघायचं, आणि बटण दाबल्यावर दहा मोजेपर्यंत सुई आतच ठेवायची.

यासोबत तिच्या इन्सुलिनचीही चौकशी करा. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत, फ्रीजरपासून लांब ठेवायचं. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फेकून द्यायचं. उघडलेलं बहुतेक इन्सुलिन उन्हापासून दूर, खोलीच्या तापमानाला साधारण चार आठवडे चालतं, नेमकी मुदत खोक्यावर असते. बाटली आणि सिरिंज वापरत असेल, तर दोन्हीवरचा आकडा (एका मिलिलिटरमध्ये किती युनिट, ४० की १००) जुळतो का बघा. ४० च्या बाटलीतलं इन्सुलिन १०० च्या सिरिंजने घेतलं, तर वाटतं तितके युनिट घेतले, पण अंगात त्यांच्या निम्म्याहूनही कमी जातात. उलट केलं तर अडीचपट जातात, आणि ते जिवावर बेतू शकतं. दुधाळ इन्सुलिन असेल तर दर वेळी हलक्या हाताने उलटसुलट करून एकसारखं मिसळतं का, तेही बघा.

हे सगळं ठीक निघालं, तरी ती ९६ युनिट एकाच वेळी टोचत असेल, तर ते बरोबर नाही. एवढ्या मोठ्या मात्रेचे दोन भाग करतात, किंवा कमी आकारमानात जास्त युनिट असलेलं इन्सुलिन देतात. दिवसाला दोनशे युनिटच्या वर गेलेल्यांना आम्ही खऱ्या अर्थाने तीव्र प्रतिरोध असलेले मानतो. तुमची बहीण त्याच्या निम्म्यावर आहे. आणि तिचं मेटफॉर्मिन का बंद केलं, हे विचारा. मूत्रपिंडांमुळे केलं असेल तर ठीक, नुसतं "आता इन्सुलिन आहे ना" म्हणून केलं असेल, तर डॉक्टर त्याचा नव्याने विचार करतील.

फक्त एक गोष्ट तिला आजच फोन करून सांगा: हे वाचून तिने स्वतःच्या मनाने उद्यापासून जागा बदलायची नाही. ९६ युनिट आजवर गाठीत मुरत होते. तेच ९६ युनिट चांगल्या कातडीखाली गेले, तर पूर्ण ताकदीने काम करतील आणि त्याच रात्री साखर झपकन उतरेल. आधी डॉक्टरांना गाठ दाखवायची, कमी केलेला डोस लिहून घ्यायचा, मग जागा बदलायची, आणि पहिले काही दिवस सकाळ, संध्याकाळ आणि मध्यरात्री एकदा मीटरवर साखर बघायची.